राणीचा गुडघा

“म्हणजे आता मी सूत बांधूक शिकूचा?”

पुनाजीबुवा सुपारी कातरत होते. आनशीने विचारलं तरी त्यांनी मान वर केली नाही.

“मी रूप देतंय, बुवा. लाकडातसून माणूस काढतंय. सूत बांधूचा काम धाकूचा. तेणा तेचा करूचा, मी माझा.”

“बरा.”

“बरा म्हंजे?”

बुवांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं आणि ओसरीच्या खुंटीकडे पाहिलं. खुंटीला एक बाहुली टांगलेली होती. आनशीने केलेली राणी.

त्या खुंटीला टांगलं जाणं म्हणजे काय, ते इथे सांगायला हवं. बुवांचा कळसूत्री बाहुल्यांचा खेळ होता. नवी बाहुली तयार झाली की ती आधी बुवांच्या हातात द्यायची. पसंत पडली तर बुवा पेटीत विड्याचं पान ठेवून तिला त्यावर निजवत. नाही पडली तर खुंटी. तोंडाने ते काहीच बोलत नसत, आणि त्यांनी दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं असं खुंटीवाल्याला वाटे.

आनशी सावंतवाडीकडची. तिकडे ती लाकडी फळं करायची, रंगवायची. तिच्या केळ्याची साल काढायला एकदा एका पाहुण्याने खरोखरच नख लावलं होतं, आणि ही गोष्ट बुवांच्या वाडीत न ऐकलेला एकही माणूस उरला नव्हता.

ती इथे आली ती जत्रेची पाहुणी म्हणून. रात्रीच्या जेवणाआधी देवळापुढे बुवांचा खेळ झाला. जुनाच खेळ. हरवलेल्या मुलाला शोधत राणी महालाबाहेर पडते, रानोमाळ भटकते, आणि शेवटी वाटेवर बसलेल्या एका भिकाऱ्याशेजारी भुईवर बसून त्याच्याकडे अर्धी भाकर मागते. बुवा गळा काढून म्हणाले, “आणि राणी भुईवर बसली...”

राणी उभीच होती.

भिकारीही उभाच होता. बाहुल्यांना डोकं आणि हात लाकडाचे. कमरेखाली नुसतं कापड. बसणार कशाने? पिढ्यान्‌पिढ्या लोक ऐकत आले होते की राणी बसली, आणि तिला उभी बघत आले होते. बुवा म्हणतात बसली, म्हणजे बसली. कुणाला काही खटकत नव्हतं.

आनशीला खटकलं. ते तिने तिथेच, चारचौघांत, मोठ्याने बोलून दाखवलं. वर म्हणाली, “म्होरल्या जत्रेक माझी राणी बसतली. नाय बसली तर जल्मभर फळां रंगवीन.”

तोंडातून गेलेला शब्द आणि धनुष्यातून सुटलेला बाण... पुढचं सगळ्यांना माहीत आहे. तिने मुक्काम हलवला, बुवांच्या ओसरीवर बसली आणि राणी कोरली. काय राणी होती ती! मोत्याएवढ्या मण्यांची नथ, लांब निमुळती बोटं, आणि चेहऱ्यावर मूल हरवलेल्या बाईचं सगळं दुःख.

ती राणी आता खुंटीला होती.

“बसली काय राणी?” बुवांनी विचारलं.

“नाय.”

“कित्या?”

“धाकू म्हणता, होवचा नाय.”

“आणि तू काय म्हणतंस?”

“मी काय म्हणतलंय? सुतातला माका काय कळता?”

बुवांनी अडकित्ता मिटला.

“मगे ती धाकूची राणी झाली,” ते म्हणाले. “तुझी कशी?”

आनशीला हे फार लागलं.

“म्हंजे शिकू?” खुंटीवरच्या राणीकडे बघत तिने विचारलं.

“शिक.”

*

धाकू बुवांचा सूतवाला. दहा बोटांना दहा सुतं बांधून तो पडद्याच्या वर फळीवर उभा राही आणि खाली राजे लढत, राण्या रडत. बोटांइतकीच त्याची जीभही चालायची.

“येवा, फळवाले बाय,” तो म्हणाला. “आमच्या गरिबाच्या सुताक हात लावतलात?”

आनशीने दात-ओठ खाल्ले आणि हात लावला.

सुताला मेण कसं लावायचं, पडद्यापुढे ते दिसू नये म्हणून काजळी कशी चोळायची, गाठ कुठे बसवली की हात उचलतो आणि कुठे बसवली की नुसताच थरथरतो... सगळं तिने मुळापासून गिरवलं. तिने सूत लावलेल्या पहिल्या बाहुलीने नमस्काराला हात उचलले आणि आपल्याच थोबाडीत मारून घेतली. धाकू हसून हसून फळीवरून खाली आला. आनशीने बाहुली सोडवली आणि पुन्हा बांधली.

हट्टी माणसाला एखादी विद्या यायला वेळ लागत नाही. ती जिरायला मात्र लागतो.

तिला कळू लागलं की नथ सुतात अडकते. लांब बोटं एकमेकांत गुंततात. खांद्याला कोन असला की सूत घासून झिजतं. मग तिने दुसरी राणी कोरायला घेतली, ती हे सगळं ध्यानात ठेवून. नथ गाळली. बोटं एकत्र जोडून हाताचं नुसतं पान केलं. खांदे गोल केले. ही राणी अशी चालली, अशी वळली, की धाकूसारखा माणूसही टोमणा मारायचं विसरला.

“असली बाहुली माझ्या बापाशीनय बघूक नसतली,” तो म्हणाला.

आनशी ती घेऊन ओसरीवर गेली तेव्हा तिची मान ताठ होती.

बुवांनी बाहुली हातात घेतली. उलटी केली, सुलटी केली.

“हिची नथ खंय गेली?”

“सुतात अडाकता.”

“बोटां?”

“लांब बोटां गुततत, बुवा.”

“हं. बसता?”

“नाय. बसूची पण नाय.” आनशी समजावून सांगू लागली. “हिका पाय नाय. पाय केले तर ते नुसते लोंबाकतले. पायांक सूत लावूचा, तर धाकूची धाय बोटां आधीच गुतलली आसत. अकरावा बोट खयसून हाडूचा? आधी माका ह्या ठावक नव्हता, म्हणान मी हट्ट करी होतंय. आता ठावक झाला. होवचा नाय.”

हे शेवटचे दोन शब्द हुबेहूब धाकूच्या सुरात निघाले होते. तिला ते जाणवलं नाही.

बुवा उठले. त्यांनी दुसरी राणी पहिलीच्या शेजारी खुंटीला टांगली.

आनशी बघत राहिली. मग तिचा राग उसळला.

“सूत येय नाय, म्हणान खुंटी. आता येता, म्हणान पण खुंटी?”

“पयली राणी होती, बाहुली न्हय,” बुवा म्हणाले. “ही बाहुली आसा. राणी न्हय.”

“मगे मी करू तरी काय?”

“इसर.”

“काय इसरू?”

“शिकलंस ता.”

“तुमीच सांगलात, शिक म्हणान!”

“होय. मीच सांगलंय.”

खुंटीच्या दोन्ही राण्या वाऱ्याने एकमेकींना लागत होत्या.

आनशीने आपल्या पटाश्या, रंधा, कानस गोळा केली आणि फडक्यात बांधली. जत्रा तोंडावर आली होती. सगळ्या वाडीसमोर नाक कापून घेण्यापेक्षा आजच निघालेलं बरं. रडू येत होतं, पण ते बुवांना दाखवायचं नव्हतं.

“जातंय मी,” ती म्हणाली. “फळां बरी. तेंका बसाचा लागना नाय.”

बुवांनी थांब म्हटलं नाही. ते तिच्या पुढे अंगणात उतरले. खांबाला एक हात टेकला, कमरेत वाकले, आणि “देवा रे” करत हळूहळू, हाडं मोडत, तिच्या वाटेतच जमिनीवर बसले. एक गुडघा उभा. गुडघ्यावर हात.



म्हातारा वाट अडवून बसला, असं वाटून आनशी वळसा घालायला निघाली. दोन पावलं गेली आणि थबकली. तिने मागे पाहिलं. मग गाठोडं खाली ठेवलं.

आता ती बुवांकडे बघत नव्हती. लाकडाच्या ओंडक्याकडे बघतात तशी ती त्या बसलेल्या माणसाकडे बघत होती. किती तरी महिन्यांत तिने कशाकडेच असं पाहिलं नव्हतं. जे बघायचं त्यात आधी सूत दिसायचं.

धोतर पसरलेलं होतं. त्याखाली बुवांची मांडी दिसत नव्हती, पावलं दिसत नव्हती. दिसत होता फक्त एक गुडघा, त्यावरून घसरलेलं कापड, आणि त्यावर टेकलेली पाच बोटं.

आणि तरी हा माणूस बसला आहे, हे कुंपणापलीकडच्या वाटसरूनेही सांगितलं असतं.

“बुवा,” आनशी म्हणाली, “हलू नको.”

अहोजाहो करायचंही तिला भान राहिलं नव्हतं. चुलीतला कोळसा आणून ती ओसरीच्या जमिनीवर रेघा ओढत बसली.

“गो, पायांक मुंग्यो इल्यो,” थोड्या वेळाने बुवा म्हणाले.

“येवंदे,” आनशी म्हणाली.

*

तिसऱ्या राणीला पुन्हा नथ आली. लांब बोटं आली. आणि कमरेखाली, लुगड्याच्या आत, एकच एक लाकडी गुडघा आला. कमरेला बिजागरीसारखा अडकवलेला, एरवी सरळ खाली लोंबणारा.

धाकूने तो बघितला आणि कपाळाला हात लावला.

“तुका इतके महिने मी काय शिकवलंय? ह्या गुडघ्याक सूत लागतला. ता कोणाच्या बोटाक बांधू? तुझ्या?”

“बोटाक बांधूचाच नाय.”

“मगे?”

आनशीने पडद्यावरच्या आडव्या वेळूकडे बोट दाखवलं. “थय.”

धाकूने मान वर करून वेळूकडे पाहिलं.

“बघ,” आनशी म्हणाली. “तू राणीक खाली सोडतंस. डोक्या खाली येता, हात खाली येतत, सगळी राणी खाली येता. पण ह्या सूत वेळूक बांधलला. ता खाली येवचा नाय. मगे गुडघो खंय रवता?”

“तो... आसा थयच,” धाकू सावकाश म्हणाला. “राणी खाली. गुडघो वर.”

त्याने वेळूवरून बोट फिरवलं.

“नाय,” धाकू एकदम म्हणाला. “ती चलतली तेव्हा? वेळूक बांधलंस तर दावणीच्या म्हशीसारखी थयच उबी रवात.”

आनशीलाही हे सुचलं नव्हतं. तिने मनगट चोळलं. चोळता चोळता तिची नजर मनगटावर गेली. हातातलं पितळेचं काकण तिने ओढून काढलं, वेळूत ओवलं, सूत काकणाला बांधलं. राणी चालली की वर काकणही सरकत चाललं. किणकिण वाजत होतं. पुढे त्याला चिंधी गुंडाळली.

तरी एक अडचण राहिली. गुडघ्याचं सूत राणीच्या पुढून येत होतं आणि हातांच्या सुतात जात होतं. या वेळी ‘होवचा नाय’ असं कुणीच म्हटलं नाही. धाकूने राणी मांडीवर घेतली. जन्मात त्याने लाकडाला पटाशी लावली नव्हती. ते कोरणाऱ्याचं काम. आता त्याने चुलीत सळई तापवली आणि राणीच्या मानेमागून छातीतून कमरेपर्यंत आरपार भोक पाडलं.

“हयसून आत घाल,” तो म्हणाला. “हातांक लागाचा नाय.”

हात भाजला होता. पण तो राणीच्या कोरीव मानेवरून अंगठा फिरवत बसला होता.

दोघांनी राणी बुवांपुढे नेली. बुवांनी ती हातातच घेतली नाही.

“पेटीत जातली काय खुंटीक, ता लोकांका सांगांदेत,” ते म्हणाले आणि सुपारी कातरू लागले.

*

जत्रेच्या दिवशी दिवेलागण झाली आणि खेळ सुरू झाला. सगळी वाडी आली होती. कित्येकजण खेळाला नव्हे, आनशीची फजिती बघायला आले होते. “फळां रंगवूक रंग हाडून ठेवलंस मा?” असं एकाने जाता जाता विचारलंही. आनशीने न ऐकल्यासारखं केलं. ती पडद्याच्या कडेला उभी होती.

पहिल्या रांगेत भागू आजी बसली होती. तिने हा खेळ परकर नेसायच्या वयापासून पाहिला होता. राणी भुईवर बसली म्हटलं की आता शेवट जवळ आला हे तिला माहीत. त्या ओळीला ती दरवर्षी पानाची पिशवी उघडत असे.

राणी रानोमाळ भटकली. वाटेवर भिकारी आला. हा भिकारी बुवांनी उमेदीच्या वयात कोरलेला. धुराने काळवंडला होता, एक कान उडाला होता, पण त्याला हात लावायची छाती कुणाची नव्हती. राणी त्याच्यापाशी येऊन थांबली.

बुवांनी गळा काढला.

“आणि राणी भुईवर बसली...”

भागू आजीने पिशवीची नाडी सोडली.

आणि राणी बसली.

आधी मान खाली गेली. मग कंबर. लुगडं भुईला टेकलं, पसरलं, आणि त्यातून एक गुडघा वर आला. नथ हलली. लांब बोटांचा हात सावकाश त्या गुडघ्यावर येऊन विसावला.



बुवांच्या हातातली झांज तशीच राहिली. पुढची ओळ यायला हवी होती. ती आली नाही. आयुष्यात पहिल्यांदा बुवा आपला खेळ विसरले होते.

भागू आजी पिशवी उघडी धरून बसली होती. तिने शेजारणीला कोपराने ढोसलं.

“सरक गो,” ती म्हणाली. “तिका जरा जागा दी.”

मग जो गलका झाला, तो खालच्या वाडीपर्यंत गेला असेल. माणसं उठून उभी राहिली. मागची ओरडली, बसा, राणी बसली तुमी कित्या उबे? “परत बसय!” “धाकू, परत बसय तिका!” धाकूने तिला उठवली, चालवली, पुन्हा बसवली. पुन्हा बसवली. मघाशी रंगाचं विचारणारा तो माणूस टोपी उडवत होता. पडद्याच्या कडेला आनशी ढसाढसा रडत होती आणि तिला कुणापासून काही लपवायचं नव्हतं. इतका आनंद तिला कधीच झाला नव्हता. ती जिंकली होती, आणि सगळी वाडी तिच्याबरोबर जिंकली होती.

या सगळ्या गोंधळात भिकारी हातात अर्धी भाकर धरून मुकाट उभा होता. त्याच्याकडे कुणी बघितलं नाही. एकट्या बुवांनी बघितलं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी बुवांनी पेटी उघडली. विड्याचं पान पुसून ठेवलं आणि राणीला त्यावर निजवलं. नथ सारखी केली.

आनशी त्यांच्या पाया पडली. तिच्या मागे धाकूही पडला.

“बुवा,” ती म्हणाली, “आता तरी सांगा. रूप काढणाऱ्यान सूत शिकूचा, काय नाय? पयला तुमी म्हणालात शिक. मगे म्हणालात इसर. खरा काय?”

“आणि सूतवाल्यान लाकूड?” धाकूने विचारलं. त्याने भाजलेला हात पाठीमागे घेतला होता.



मग बुवांनी पेटीत तळापर्यंत हात घातला. काळवंडलेला, एका कानाचा, आपल्या हातचा भिकारी त्यांनी वर काढला. पंच्याने त्याचं तोंड पुसलं. थोडा वेळ त्याच्याकडे पाहिलं, आणि तो आनशीच्या आणि धाकूच्या मधोमध ठेवला.

“राणी बसली,” बुवा म्हणाले. “ह्यो अजून उभोच आसा.”